जपानची अस्वलीण, वाडीची वाघीण

किसना, आता तरी मधे बोलू नकोस. मी एक वाक्य सुरू केलं की तू त्याला दुसरं जोडायचास, आणि तुझं माझ्यापेक्षा बरं निघायचं, म्हणून मी आणखी चिडायचे. आज मला पुरं बोलू दे.

तू गेल्याचं मला सापगावच्या फाट्यावर कळलं, तेही जीपवाल्या पांडूकडून. "ताई, तुमचा तो जपानी गेला ना," म्हणाला. मला वाटलं गाडीत बसून कुठे गेलास. मी विचारलंसुद्धा, "कुठं?" तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. कावीळ अंगावर काढलीस म्हणे. आज जाऊ डॉक्टरकडे, उद्या जाऊ, असं करत पंधरा दिवस काढलेस. अरे, दुसऱ्याचं डोकं दुखलं तर गोळी आणायला पळणारा माणूस तू! चौतीस हे काय जायचं वय आहे? मला तुझा इतका राग आलाय की धड रडताही येत नाही.

परवा तुझ्या दहाव्याला वाडीवर जाऊन आले. तिथे काय झालं ते तुला सांगायचंच आहे, पण आधीचं सांगितल्याशिवाय ते सांगून उपयोग नाही. आणि आधीचं मी कुणाला सांगितलेलंच नाही.

शहापुरात पिठाच्या गिरणीच्या माडीवर आपला कम्प्युटर क्लास होता, आठवतो ना? चार कम्प्युटर, त्यातले दोन चालू. खाली गिरणी लागली की टेबलं थरथरायची आणि संध्याकाळपर्यंत कीबोर्डवर पिठाचा थर बसायचा. आपण दोघं तिथे शिकवायला. तू मुरबाडच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीवरून यायचास. आधी तासभर चालत, मग जीप, मग एसटी. मी सापगावहून. सासर सोडून आले त्याला दीड वर्ष झालं होतं. क्लासच्या सरांपासून झाडू मारणाऱ्या मावशींपर्यंत प्रत्येकाने पहिल्याच आठवड्यात मला विचारून घेतलं होतं, "मग, परत जायचा काय विचार?" तू नाही विचारलंस. तू म्हणालास, "ताई, इंग्रजी भरभर वाचता का? मना एक गोष्ट अडलीय."

कल्याणहून तू गेमच्या सीड्या आणायचास. क्लासच्या पोरांना गाड्यांच्या शर्यती हव्या असायच्या. त्या गठ्ठ्यात ही एक भलतीच निघाली. गेम म्हणावं तर तिच्यात ना गोळीबार, ना गाडी. पडद्यावर एक चित्र आणि खाली दोन ओळी. बटण दाबलं की पुढच्या दोन ओळी. मागे संथ बासरी. मधेच गोष्ट थांबायची आणि आपल्यालाच विचारायची, आता काय करायचं? दोन-तीन उत्तरं समोर ठेवायची. आपण निवडू तिकडे ती वळायची. मूळची जपानी, कुणीतरी हौसेने तिचं इंग्रजी केलेलं. मी म्हटलं, "ही तर चित्रांची कादंबरी आहे." तू म्हणालास, "कादंबरी कुठं इचारते आपल्याला, आता काय करू म्हणून?"

एक ते तीन बॅच नसायची, आणि लाइट असली की आपण वाचायचो. मी मराठी करून सांगायचे, अडलं की डिक्शनरी, आणि तू वहीत लिहायचास. डोंगराच्या पायथ्याचं एक गाव. तिथल्या रेशीम काढायच्या कारखान्यात एक परकी पोरगी कामाला येते. ती खरी अस्वलीण, त्या डोंगराची मालकीण. माणसांत राहायची हौस म्हणून बाई होऊन आलेली. तिने डोंगर सोडला म्हणून झरे आटतात आणि गावाचं भात करपतं. कारखान्यातल्या एका कारकुनाचा तिच्यावर जीव जडलेला, आणि तो कारकून म्हणजे आपण. गावाला तिचं खरं रूप कळतं, सगळे तिला घेरून उभे राहतात, आणि गोष्ट विचारते: तिला डोंगरात जाऊ द्यायचं, की घेऊन पळायचं?

पहिल्यांदा आपण पळालो. माझ्याच हट्टाने. "असल्या गावात एक मिनिट राहू नये," मी म्हटलं, आणि तू ते उत्तर निवडलंस. ते दोघं शहरात सुखात राहिले, आणि गाव उठलं. शेवटच्या चित्रात नुसती ओस घरं. मला इतकं वाईट वाटलं की मी खाली जाऊन गिरणीवाल्याच्या नळावर तोंड धुऊन आले. दुसऱ्यांदा तुझ्या म्हणण्याने तिला जाऊ दिलं. भात पिकलं, पण कारकून जन्मभर एकटा राहिला. तेव्हा तुझं तोंड उतरलं. मी मुद्दाम म्हटलं, "घे, तुझं गाव वाचलं ना?"

तिसरी वाट होती, पण ती या दोन्ही वाचून झाल्याशिवाय उघडायची नाही. आणि नेमका तेव्हाच सरांनी व्हायरस आला म्हणून सगळा कम्प्युटर साफ केला. दोन महिन्यांचं वाचलेलं गेलं! मी सरांशी अशी भांडले की खालची गिरणी बंद झाली ऐकायला. तू मात्र हसत होतास. कुठे कोणतं उत्तर दिलं, ते सगळं तू वहीत लिहून ठेवलेलं. चार दुपारी बसून पुन्हा तिथवर आणलंस, आणि मग तिसरी वाट उघडली. तिच्यात तो कारकूनच तिच्याऐवजी डोंगरात जातो, अस्वल होऊन. ती गावात राहते, रेशीम काढते आणि संध्याकाळी दारात येऊन डोंगराकडे बघते.

मी रडले. आडपडदा न ठेवता, सासर सोडल्यापासून पहिल्यांदाच. तू म्हणालास, "ताई, हे तं आमच्या वाघबारशीसारखा हाय."

दिवाळीच्या तोंडावर तुमच्या वाडीत वाघबारस असते, हे मला तेव्हा तूच सांगितलंस. वाघोबाला नारळ द्यायचा, खीर करायची, आणि पोरं वाघाचं, अस्वलाचं, कोल्ह्याचं सोंग घेतात. बाकीचे त्यांना घेरून विचारतात, "आमच्या शिवारात येशी का?" सोंगं "नाय येत, नाय येत" करत पळतात, आणि पोरं ओरडत मागे लागतात. वर्षभर मग गाईगुरांना धोका नाही. "पन मी लहान व्हतो ना," तू म्हणालास, "तवा मना सारखा वाटायचा, त्या वाघाला कोन इचारतं, तुला कुठं जायचाय?"

त्यानंतर तुला त्या गोष्टीचं वेडच लागलं. कल्याणच्या सीडीवाल्याला छळून तिची कार्टून मालिका आणलीस. मी दोन भागांत उठले. रेशमाच्या कारखान्यातल्या म्हाताऱ्या मुकादमीण बाई त्यांनी पार गाळूनच टाकल्या होत्या. माझी सगळ्यात आवडती बाई ती! शिवाय त्यांनी पळून जायचा शेवट घेतला आणि गाव ओस पडलेलं दाखवलंच नाही. मग इंटरनेटवरून तिचं चित्रांचं पुस्तक काढलंस. क्लासच्या प्रिंटरची शाई संपवलीस म्हणून सरांची बोलणी खाल्लीस. त्यात कारकुनाला धाकटी बहीण निघाली, कुठून आली देव जाणे. आणि त्यावर कळस म्हणजे रेडिओवरचं नाटक, नुसतं जपानी, ना चित्र ना इंग्रजी. ते तू कॅसेटवर भरून घेतलंस आणि पांडूच्या जीपमध्ये लावायचास. टोकावड्याच्या एका आजीने विचारलं, "कोनच्या देवाचा भजन हाय, रे?" तू म्हणालास, "डोंगराच्या देवीचा, आजी," आणि म्हातारीने हात जोडले. तेव्हापासून सगळ्या जीपवाल्यांत तू जपानी.

त्या नाटकातला एक शब्द तुला कळत नव्हता, आणि तरी तू मला सांगत बसायचास, आता ती दारात आली, आता मुकादमीण बाई बोलल्या. आणि बरोबर सांगायचास, मेल्या.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. मी म्हणायचे, खरी गोष्ट ती पहिली, कम्प्युटरवरची. बाकी सगळ्या तिच्या नकला, कापाकापी करून केलेल्या. तू म्हणायचास, सगळ्या खऱ्या. "अगं ताई, तिच्यातच तीन शेवट हायेत. मंग चौथ्यानं काय पाप केला?" मी म्हटलं, "ज्याने लिहिली त्याचा काही मान?" त्यावर तू म्हणालास, "गोष्ट म्हणजे काय सातबारा हाय का, एकाच्या नावावर?" मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही आणि तिसऱ्या दिवशी बोलले तेव्हाही दुसऱ्याच कशावरून भांडले.

खरं सांगू? मला ती गोष्ट माझी हवी होती. त्या दुपारी सोडल्या तर माझ्याकडे तेव्हा काही नव्हतं. घरी वहिनीचं तोंड, रस्त्यात लोकांचे डोळे. एक ते तीन मात्र मी रेशमाच्या कारखान्यात असायचे. तिथे कुणीतरी हात लावला, काही इकडचं तिकडे केलं, की मला माझ्याच घरात शिरल्यासारखं वाटायचं. हे तुला तेव्हा सांगितलं असतं तर तू समजून घेतलं असतंस. पण मी काय सांगायचे? "मूळ ते मूळ!" असं, शाळामास्तरणीसारखं.

मग त्या वर्षीच्या वाघबारशीला तू मला वाडीवर बोलावलंस. "ताई, एक गंमत हाय, येच." मी आले, चढण चढताना तुला शिव्या घालत आले. दुपार होती. वाघोबाच्या जागेपुढे सगळी वाडी बसलेली, आणि पुढे तुझा बाप, चिंधूबाबा. दरवर्षी सोंगांना प्रश्न विचारायचा मान त्यांचा. मला आधी वाटलं, नेहमीचं असेल. मग बाया आल्या, पळसाच्या पत्रावळी लावायला बसल्या, त्यांच्यात एक परकी पोर येऊन बसली, आणि मला ती गोष्ट ओळखू आली. रेशमाच्या कारखान्याच्या तू पत्रावळी लावणाऱ्या बाया केल्या होत्यास! कारकुनाचा रेशनच्या दुकानातला मापाडी केलास. अस्वलीण झाली वाघीण, पुठ्ठ्याच्या मुखवट्याला हळद आणि काजळी फासून. मुकादमीण बाई तेवढ्या ठेवल्यास. त्या माझ्यासाठी ठेवल्यास, हे मला तेव्हाही कळलं होतं. एवढं कळूनही मी पुढे जे केलं ते केलं.

शेवटी सगळ्यांनी वाघिणीला घेरलं. चिंधूबाबा उठले, काठी टेकली आणि विचारलं, "आमच्या शिवारात येशी का गो?" सगळे वाट बघत होते, ती "नाय येत" म्हणेल आणि पळेल. ती पळाली नाही. ती म्हणाली, "येन. पन इचारून येन." मग मापाडी पुढे झाला आणि म्हणाला, "मी बी तुज्या रानात येन. मी बी इचारून येन." बस्स. संपलं.

कुणी ओरडलं नाही, मागे लागलं नाही. चिंधूबाबा तसेच उभे होते आणि त्यांचे डोळे भरलेले. तू कडेला उभा होतास, तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ही माज्या आयची गोष्ट. ती सांगायची आमाला. मी इसरलो व्हतो रं." तू बापाकडे बघत होतास, किसना. तुझं तसं तोंड मी आधी कधी पाहिलं नव्हतं. शिकून पोरगा हातचा गेला, असं ज्या बापाला वाटत होतं, तो बाप पोराला म्हणत होता, तू माझ्या आईची गोष्ट आणलीस.

आणि मी बोलले. "नाय बाबा, ती तुमची नाय. ती जपानची आहे. कम्प्युटरवरची. किसनाने तिचा शेवट बदललाय."

कुणीतरी मागून हसलं. "किसनानं बनवला आमाला! जपान्यानं बनवला!" मग सगळेच हसले. बायासुद्धा. चिंधूबाबांनी तुझ्या डोक्यावरचा हात काढून घेतला. रागाने नाही, लाजून. सगळ्या वाडीपुढे आपण डोळ्यांत पाणी आणलं, ते कम्प्युटरच्या गोष्टीसाठी, याची लाज. ते खाली बघत घराकडे गेले.

तू मला वाडीखालच्या फाट्यापर्यंत सोडायला आलास. जीप आल्यावर म्हणालास, "ताई, तुला बोलायची एवढी काय घाई झाली?" मी म्हटलं, "मग खोटं चालू द्यायचं?" तू म्हणालास, "खोटा कोन बोलला?"

जीप सुटली. मी पांडूला रस्ताभर सांगत आले, कशी मी खरं तेच बोलले.

दिवाळीनंतर तू क्लासवर आलाच नाहीस. मुरबाडला कारखान्याच्या ऑफिसात लागलास, असं कळलं. तीन दिवाळ्या गेल्या. म्हशाच्या जत्रेत एकदा दिसलास, घोंगड्यांच्या पालापाशी. मला पाहून तू हात वर केलास, दोन पावलं पुढेही आलास. मी भाच्याला भिरभिरं घेत होते. मी असं दाखवलं की दिसलंच नाही. त्या भिरभिऱ्याचा रंग मी इतका वेळ निवडत बसले की भाचा कंटाळला. वर पाहिलं तेव्हा तू नव्हतास. काय बोलणार होतास रे? कदाचित नुसतं, "काय ताई, बरी हायेस?" एवढंच असेल. मी गेले कित्येक दिवस त्या दोन पावलांचा विचार करतेय.

आता परवाचं.

दहाव्याचं सगळं उरकल्यावर लोक अंगणात बसले होते. तुझी आई आतून बाहेर आलीच नाही. मी एका कडेला बसले होते, कुणी ओळखू नये असं मनात म्हणत. चिंधूबाबा स्वतः उठून माझ्यापाशी आले. फार वाकलेत. मला वाटलं, आता ऐकावं लागणार, आणि ऐकायचं ठरवूनच आले होते. ते समोर बसले आणि म्हणाले, "ताई, ती जपानची गोष्ट सांग."

"आत्ता, बाबा?"

"आत्ता. किसना बोलायचा, खरी गोष्ट ताईला ठावं हाय. बोलायचा, मना नाय तिच्यासारखी सांगता येत. सांग."

तू असं बोलायचास? तीन वर्षांत? अजूनही?

मग मी सांगितली. पदरचं काही घातलं नाही. रेशमाचा कारखाना, मुकादमीण बाई, आटलेले झरे. पळून जाण्याचा शेवट सांगितला, जाऊ देण्याचा सांगितला. बाया आतून उंबऱ्यावर येऊन बसल्या. पुठ्ठ्याचा मुखवटा लावून वाघीण झालेली तुझी चुलतबहीण कडेवर पोर घेऊन उभी होती. मग तिसरा शेवट सांगितला. तो तिच्याऐवजी डोंगरात गेला आणि ती गावात राहिली.

चिंधूबाबा म्हणाले, "म्हंजे एक मानूस डोंगरात, एक गावात. दोनी कडं आपला मानूस झाला."

"हो, बाबा."

"मंग किसनानं येगळा काय सांगितला व्हता? तो बी हाच बोलला. तिनं इकडं यायचा, यानं तिकडं जायाचा. माजी आय बी हाच सांगायची." त्यांना खरंच कळत नव्हतं. माझ्याकडे बघून, अगदी साधेपणाने, त्यांनी विचारलं, "मंग तुमी दोघा भांडलाव कशापाई?"

किसना, मी आयुष्यात कुणापुढे हरलेले नाही, नवऱ्यापुढे नाही की तुझ्यापुढे नाही. तिथे अंगणात मला एक शब्द सापडेना. मुकादमीण बाई गाळल्या, शेवट बदलला, मूळ ते मूळ, यातलं काय सांगणार होते मी पोर गेलेल्या बापाला?

मी म्हटलं, "माझं चुकलं, बाबा. त्या दिवशी मी बोलायला नको होतं."

ते मान हलवत उठले. काठी घेतली. "मना काय सांगतेस, गो. मी दुसऱ्याच दिवशी इसरलो. पन तो इसरला नाय. वाघबारस आली का बोलायचा, अवंदा ताई येल. अवंदा येल."

चुकलं माझं, किसना. मी यायला हवं होतं.